नावाखालची ओळ

(लॅपटॉपच्या झाकणांची रांग. कॅमेरा सावकाश सरकतो.)

लॅपटॉपच्या झाकणाची मागची बाजू काम करणाऱ्याला दिसत नाही. ती समोर बसलेल्यासाठी असते, आणि म्हणूनच हे सगळं तिथे चिकटवलेलं आहे. एका प्रोग्रामिंग भाषेचं बोधचिन्ह. कुठल्याशा जुन्या परिषदेचं स्टिकर. आणि हा कोपऱ्यातला खरवडलेला चौकोन बघा. इथे कंपनीची मालमत्ता-क्रमांकाची पट्टी होती. नोकरी सोडताना या बाईंनी तो लॅपटॉप कंपनीकडून विकत घेतला. पट्टी निघाली, गोंद राहिला.

ही को-वर्किंगची जागा आहे, म्हणजे वेगवेगळं काम करणाऱ्यांची सामायिक कार्यालयाची जागा. लांब टेबलं, एक काचेची खोली, फोनवर बोलायला दोन खोकी, भिंतीवर सभासदांच्या नावांचा फळा. इथल्या माणसांचा साहेब एक नाही, पगाराची तारीख एक नाही. बऱ्याच जणांना तर पगारच नाही. नोकरीत ओळख आयती मिळते. गळ्यात पट्टा, दारावर पाटी, सहीखाली हुद्दा. इथे ती ज्याची त्याने जमवायची.

(नोंदणीचा कागद. हात जवळून.)

कागदावर तीन रकाने आहेत. नाव. काय करता. आणि इतरांना कशात मदत करू शकाल.

नाव झटकन लिहून झालं. दुसऱ्या रकान्यावर पेन थांबलंय. हा थांबा आम्ही संकलनात कापलेला नाही. या बाई आधी बँकेत होत्या, बऱ्या हुद्द्यावर. त्यांनी तो हुद्दा लिहिला, त्याच्या आधी ‘माजी’ जोडलं, मग सगळंच खोडलं. ‘अनुवाद’ लिहिलं. ते फारच मोघम वाटलं असावं, कारण पुढे ‘कायद्याच्या कागदपत्रांचा’ असं बारीक अक्षरात आलं. तिसरा रकाना मात्र त्यांनी न थांबता भरला: ‘करार सही करण्याआधी वाचून देईन.’

पुढचे दोन आठवडे आमचा कॅमेरा इथे होता. त्यांच्याकडे जो कुणी आला, तो तिसऱ्या रकान्यामुळे आला.

(जुन्या संगणक-टर्मिनलची संग्रहित दृश्यं. हिरवी अक्षरं.)

नावाखाली स्वतःबद्दल ओळ लिहायची ही सवय समाजमाध्यमांनी लावली असं आपण समजतो. ती त्यांच्यापेक्षा बरीच जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तिचा जन्मही एका सामायिक कामाच्या जागेतच झाला.

साल 1971. स्टॅनफर्ड विद्यापीठाची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा. संगणक एक आणि वापरणारे अनेक, प्रत्येकजण आपापल्या टर्मिनलवर. आत्ता कोण काम करतंय ते दाखवणारी यादी होती, पण तिच्यात माणसांची नावं नव्हती, सांकेतिक खुणा होत्या. लेस अर्नेस्ट यांनी पाहिलं की लोक पडद्यावर बोट फिरवत आपला माणूस शोधतात. त्यांनी माणसाचं खरं नाव आणि तो जागेवर आहे की नाही हे सांगणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्याला नाव दिलं ‘फिंगर’.

मग त्याला एक छोटी फाइल जोडली गेली, ‘प्लॅन’ नावाची. उद्देश अगदी कारकुनी होता: आज येणार नाही, अमुक ठिकाणी सापडेन, एवढं लिहून ठेवावं. पण रिकामी जागा दिली आणि माणसाने तिच्यात फक्त पत्ता लिहिला, असं कधी झालंय? लोक तिथे शेरे मारू लागले, विनोद लिहू लागले, जगाबद्दलची मतं मांडू लागले. असं काही होईल अशी खुद्द अर्नेस्ट यांचीही अपेक्षा नव्हती.

आम्हाला ही फाइल फार आवडते, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतोय. तिच्यात रकाने नव्हते. शिक्षण विचारलेलं नव्हतं, अनुभवाची वर्षं विचारलेली नव्हती, कुणाला किती ओळखतो त्याचा आकडा नव्हता. आणि ती वाचणारा बहुतेकदा त्याच इमारतीत बसलेला असायचा. म्हणजे थाप मारलीच, तर जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर गाठ होती.

(घडीची टेबलं उघडणारे हात. आजचं चित्रण.)

आता 2005. सॅन फ्रान्सिस्को. ब्रॅड न्यूबर्ग हा तरुण प्रोग्रामर एका पेचात होता. नोकरी केली की माणसं मिळतात, पण मोकळीक जाते. स्वतंत्र काम केलं की मोकळीक मिळते, पण दिवसभर बोलायला कुणी नसतं. त्याला दोन्ही हवं होतं. ‘स्पायरल म्यूज’ नावाच्या, स्त्रियांच्या एका गटाने चालवलेल्या घरात त्याने आठवड्यातले दोन दिवस जागा मिळवली. सकाळी घडीची टेबलं मांडायची, संध्याकाळी पावणेसहाला सगळं आवरायचं. 9 ऑगस्टला दार उघडलं.

पहिला महिनाभर कुणीच आलं नाही.

टेबलं मांडून, एकट्याने बसून, पुन्हा ती मिटवून घरी जाणारा माणूस. याचं चित्रण कुणाकडे नाही, म्हणून ही टेबलं आजची आहेत. मग एक जण आला, मग आणखी काही. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ‘हॅट फॅक्टरी’ आणि ‘सिटिझन स्पेस’ अशा जागा उभ्या राहिल्या. आपण काय करतोय, कसं करतोय, हे ही मंडळी उघडपणे लिहीत गेली आणि ज्याला हवं त्याला उचलू दिलं.

‘सिटिझन स्पेस’ सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक होती टारा हंट, दुसरा ख्रिस मेसिना. हे दुसरं नाव लक्षात ठेवा. 23 ऑगस्ट 2007 रोजी याच मेसिनाने ट्विटरवर एक साधा प्रश्न टाकला: गटांसाठी शब्दाच्या आधी ते चौकटीचं चिन्ह वापरलं तर कसं वाटेल? आज आपण ज्याला हॅशटॅग म्हणतो, तो हाच. अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवू पाहणाऱ्याने अनोळखी माणसांना एका शब्दाशी बसवलं. त्याने त्यावर मालकी हक्क सांगितला नाही.

(फोनचं खोकं. काचेतून, आवाज नाही.)

आता या खोक्यातल्या गृहस्थांकडे पाहा. आत जाताना खांदे पडलेले होते. दार लागलं, फोन लागला, आणि पाठ ताठ झाली. हसू आलं. हातसुद्धा बोलायला लागले, जरी पलीकडच्याला हात दिसत नसले तरी. फोन संपला. आता... हे पाहा, पुन्हा तेच खांदे.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने हेच स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात पाहिलं होतं. गेल्या शतकाच्या मध्यावर तो तिथे अभ्यासासाठी राहिला होता. स्वयंपाकघरात वाढपी मंडळी एका तऱ्हेने वागत, दारातून जेवणघरात पाऊल टाकलं की दुसऱ्याच तऱ्हेने. त्याने रंगभूमीचीच भाषा घेतली: रंगमंच आणि विंगेमागची जागा. यात ढोंग काही नाही, असं आमचं मत. विंगेत पदर सारखा करणारी नटी खोटी आणि मंचावरची खरी, असं कोण म्हणेल? अडचण येते ती विंगच उरली नाही की.

(मोकळं कार्यालय, वरून.)

भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, या भरवशावर कित्येक कार्यालयांनी भिंती पाडल्या. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मोजणी करणारे बिल्ले घातले. भिंती होत्या तेव्हाही आणि पाडल्यावरही. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आला. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं होतं, आणि ईमेल व चॅट वाढले होते. सगळे बघतायत म्हटल्यावर माणसाने हेडफोन चढवले. तीच त्याची विंग.

(मोबाइलचा पडदा. प्रोफाइल भरणारा अंगठा.)

इंटरनेटवर हेडफोन चढवून भागत नाही. लिंक्डइन 2003 मध्ये सुरू झालं, फेसबुक त्याच्या पुढच्या वर्षी. तिथे नावाखालची ओळ आपण लिहिण्याआधीच अर्धी लिहिलेली असते: हुद्दा, मग कंपनी. कंपनी नसेल तर? आमच्या अनुवादक बाईंनी तिथे ‘फ्रीलान्स’ टाकलंय. त्यांच्या तिसऱ्या रकान्याला त्या पडद्यावर जागा सापडलेली नाही.

शिवाय बघणारे सगळे एकाच वेळी हजर. जुना साहेब, होणारा ग्राहक, शाळेतला मित्र, आत्याबाई. प्रत्येकाशी आपण वेगळं बोलतो, आणि इथे एकच वाक्य सगळ्यांना एकदम ऐकू जातं. अ‍ॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी 2011 मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांबद्दल नेमकं हेच मांडलं. लोक मग दोन वाटा धरतात. एक, कुणालाच टोचणार नाही असं गुळमुळीत लिहायचं. दोन, दुसऱ्या नावाने दुसरं खातं उघडायचं.

दुसरी वाट प्लॅटफॉर्मना रुचत नाही. 2014 च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची, म्हणजे वेश बदलून मंचावरच्या वेगळ्या नावाने कला सादर करणाऱ्यांची, खाती बंद केली, कारण खात्यावरचं नाव कायदेशीर नव्हतं. ज्या नावाने त्यांना सगळं गाव हाक मारत होतं, ते म्हणे खोटं. बराच गदारोळ झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला कंपनीच्या क्रिस कॉक्स यांनी माफी मागितली: कायदेशीर नाव हवं असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं, रोजच्या आयुष्यात वापरता ते नाव हवं. त्याच वर्षी जुलैमध्ये गुगल प्लसने, म्हणजे गुगलच्या तेव्हाच्या समाजमाध्यमाने, आपली खऱ्या नावाची सक्ती सोडून दिली होती.

(हिरव्या चौकोनांची जाळी. पडदाभर.)

ही जाळी प्रोग्रामर मंडळींच्या ओळखीची. गिटहबवरचं, म्हणजे प्रोग्रामर आपलं काम जमा करतात त्या संकेतस्थळावरचं, एक वर्ष. ज्या दिवशी काम जमा केलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा, काम जास्त तितका हिरवा गडद. पूर्वी खाली आकडाही असायचा: सलग किती दिवस. आकडा दिसला की तो तुटू द्यावासा वाटत नाही. सुट्टीत, आजारपणात, उगाच एखादी ओळ बदलून लोक चौकोन रंगवत. मे 2016 मध्ये गिटहबने तो सलगतेचा आकडा काढून टाकला. चौकोन आजही आहेत.

हा तरुण ते चौकोन आम्हाला हौसेने दाखवतो. मधली ही पांढरी पट्टी कसली, असं विचारल्यावर म्हणतो, ‘तेव्हा मी शिकवत होतो.’ शेजारच्या टेबलावरची मुलगी त्याच्याकडूनच शिकली. शिकवल्याला चौकोन नसतो.

(फळ्यावरची नावं.)

जियानपिएरो पेट्रिग्लिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 65 स्वतंत्र काम करणाऱ्यांशी सविस्तर बोलून 2019 मध्ये लिहिलं: अशी माणसं तग धरतात ती चार गोष्टींच्या आधारावर. ठरलेली जागा, ठरलेला दिनक्रम, जवळची माणसं, आणि काम कशासाठी करायचं याचं उत्तर. यातली पहिली गोष्ट विकत मिळते, बाकीच्या तीन नाही. अशा जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क कंपनीचं मोल 2019 च्या सुरुवातीला 47 अब्ज डॉलर धरलं गेलं, आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात साथ आली, टेबलं रिकामी पडली, आणि अनेकांची कामंही गेली.

(काचेची खोली. बैठक.)

या जागेत दर महिन्याला सभासदांची बैठक होते. त्या दिवशी विषय होता फळा. फळ्यावरची नावं, ओळी आणि फोटो इंटरनेटवर टाकायचे का? डिझायनर म्हणाला, टाकायलाच हवेत. चेहरा नसेल तर ग्राहक विश्वास ठेवत नाही. कोपऱ्यातली एक लेखिका इथे टोपणनावाने ओळखली जाते. तिने विचारलं, माझ्या जुन्या ऑफिसातल्या लोकांनी मला इथे शोधावं असं मला का वाटेल? बराच वेळ कुणी कुणाचं ऐकलं नाही. अनुवादक बाईंनी मग, सवयीने, ठरावाची भाषा दुरुस्त करायला घेतली.

हात वर झाले. फोटो ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. हाक मारतात ते नाव चालेल. हुद्द्याचा रकाना नको, तिसरा रकाना सगळ्यात वर.

डिझायनरने विरोधात मत दिलं. संध्याकाळपर्यंत यादीत सगळ्यात मोठा फोटो त्याचाच होता.