हाताला बसेल तो एडिटर

श्रोतेहो, नमस्कार.

वेब प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोड लिहायचा कशात? मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. रोज कित्येक तास ज्या खिडकीकडे बघायचं, ती निवडायला चार दिवस गेले तर जाऊ द्यावेत.

माझं पहिलं पान मी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिलं होतं आणि साधा मजकूर म्हणून साठवलं होतं. ब्राउझरमध्ये पान दिसलं, पण त्यातली एकही लिंक चालेना. ओळ अन् ओळ पुस्तकाशी ताडून पाहिली, सगळं बरोबर. दोन दिवसांनी उलगडा झाला. मी टाइप केलेली सरळ, उभी अवतरणचिन्हं त्या प्रोग्रामनं आपणहून वळणदार करून टाकली होती. वाचणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही. ब्राउझरला मात्र ते वळणदार चिन्ह अवतरणचिन्ह वाटतच नाही, तो ते लिंकच्या पत्त्यातलंच एक अक्षर समजतो.

तेव्हापासून एडिटरकडून, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामकडून, माझ्या दोनच मुख्य अपेक्षा आहेत. मी लिहिलेल्या अक्षराला त्यानं न विचारता हात लावू नये, आणि माझं चुकलं तर तिथल्या तिथे दाखवावं.

दुसरी अपेक्षा जरा उलगडून सांगतो. समजा, एक डिव्ह, म्हणजे पानाचा एक कप्पा, उघडला, त्यात दुसरा, त्यात तिसरा, आणि मधला बंद करायचा राहिला. पानाची खालची पट्टी भलत्याच रकान्यात जाऊन बसते. ब्राउझर तक्रार करत नाही, तो पान आपल्या परीनं सावरून घेतो, आणि म्हणूनच चूक लपते. चांगल्या एडिटरमध्ये उघडत्या टॅगवर, म्हणजे कप्पा सुरू करणाऱ्या खुणेवर, कर्सर ठेवला की त्याचा बंद होणारा जोडीदार उजळतो. भलताच जोडीदार उजळला, की समजायचं, गडबड या दोघांच्या मध्येच कुठेतरी आहे. अर्धा तास डोळे ताणण्याचं काम दोन सेकंदांत होतं.

पूर्वी ही जाण प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी शिकवावी लागे. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषा जाणणारा प्रोग्राम यांनी आपसात बोलायचे नियम, खुला केला आणि चित्र पालटलं. आता जावास्क्रिप्ट किंवा सीएसएस समजणारा एक प्रोग्राम वेगळा चालतो आणि कोणताही एडिटर त्याला विचारतो, ‘या नावाची व्याख्या कुठे आहे? इथे पुढे काय येऊ शकतं?’ त्यामुळे व्हीएस कोड, निओव्हिम, सब्लाइम टेक्स्ट, झेड यांपैकी काहीही घेतलंत तरी ही मदत जवळजवळ सारखी मिळू शकते. म्हणून ‘सर्वांत हुशार एडिटर कोणता’ या वादात मी आता पडत नाही. बघायचं ते आपलं मशीन आणि आपला हात.

मशीनचं असं आहे. 2015 मध्ये आलेला व्हीएस कोड फुकट आहे, त्याच्यावर शिकवणारं साहित्य मुबलक आहे, आणि नवख्याला मी तोच सुचवतो. पण तो इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभा आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आहे. मेमरी कमी असलेल्या जुन्या संगणकावर ते ओझं जाणवतं, तिथे सब्लाइम टेक्स्टसारखा हलका एडिटर बरा. त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, पण आधी वापरून बघता येतो. आणि हे इलेक्ट्रॉन मुळात ॲटम नावाच्या एडिटरसाठी घडवलं गेलं होतं. तो ॲटम 15 डिसेंबर 2022 रोजी बंद झाला. वेब डिझायनरांसाठी ॲडोबी कंपनीनं काढलेल्या ब्रॅकेट्स या एडिटरचा आधार तिनं 2021 मध्येच काढून घेतला. ज्यांचा हात या एडिटरांवर बसला होता त्यांना वाईट वाटलंच असणार, पण त्यांच्या फाइली साधा मजकूर होत्या, त्या दुसरीकडे जशाच्या तशा उघडल्या. ओळीआधी किती जागा सोडायची यासारखे नियम एडिटरकॉन्फिग नावाच्या छोट्या फाइलीत लिहून कोडशेजारी ठेवा, म्हणजे तेही सोबत येतात.

एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, मोजकीच घ्या. ती साधारणपणे एडिटरच्याच अधिकारांनी चालतात, तुमच्या फाइली वाचू शकतात. कुणी बनवलंय ते बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता हात. दोन एडिटर निवडा आणि दोन्हींत एकच काम करा: तीन फाइलींचं छोटं पान. एका फंक्शनचं नाव सगळ्या फाइलींत एकदम बदला. एखादा शब्द सगळीकडे शोधा. व्हीएस कोड किंवा सब्लाइममध्ये एक शब्द निवडून कंट्रोल-डी दाबत राहा, तोच शब्द पुढे जिथे जिथे आहे तिथे एकेक नवा कर्सर उभा राहतो आणि सगळीकडे एकाच वेळी टाइप होतं. ज्या एडिटरमध्ये माउसकडे हात कमी वेळा गेला, तो तुमचा. मग निदान तीन महिने तो बदलू नका. हात बसायला तेवढा वेळ लागतोच.

शेवटी एक जुनी ओळख. व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी 1976 मध्ये लिहिला. त्याचा वारस व्हिम 1991 चा. रोज तो वापरा असं मी म्हणणार नाही, पण लिनक्स सर्व्हरवर काम करायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी तो हजर असतो, आणि त्यात शिरलेल्या नवख्याला बाहेर पडता येत नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. आधी एस्केप. मग कोलन, म्हणजे दोन टिंबं. मग छोट्या लिपीतला क्यू. मग उद्गारचिन्ह. मग एंटर. केलेले बदल ठेवायचे असतील तर उद्गारचिन्ह नको, आणि क्यूच्या आधी छोटा डब्ल्यू.

नमस्कार.