आधी कोणता हात फिरतो?

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेत ‘नवे कौशल्य हातात बसण्याच्या तीन पायऱ्या’ असा विषय छापलेला असला, तरी आधी मला भाकरीबद्दल बोलू द्यावे, कारण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आईसमोर परात घेऊन बसेपर्यंत या पायऱ्या मी केवळ वाचल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात माझे सगळे लक्ष सूचना आठवण्यातच जाई. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळायचे, परातीत कोरडे पीठ भुरभुरायचे, थापता थापता भाकरी फिरती ठेवायची, कडा जाड राहू द्यायच्या नाहीत, यांपैकी एक लक्षात ठेवले की दुसरे निसटे, खांद्यापासून बोटांपर्यंत हात लाकडासारखा ताठ होई, आणि मागून आईचा आवाज येई, “अरे, दाबू नकोस, थाप.” या दोहोंत फरक काय, असे विचारले की उत्तर ठरलेले: “थापून बघ, कळेल.” (मोटार शिकताना ज्यांनी शेजारच्या सीटवरून ‘क्लच, क्लच’ असा धावा ऐकला आहे, त्यांनी हसायला हरकत नाही.)

महिन्याभराने भाकरी गोल होऊ लागली, तव्यावर टाकताना दुमडेनाशी झाली, आणि चूक कुठे झाली हे आईने सांगण्याआधी तळव्याला कळू लागले. फुगण्याचे मात्र नाव नाही. सहा आठवडे मी तिथेच अडकलो होतो. वरून फिरवलेले पाणी पुरते सुकून तडे जाईपर्यंत मी भाकरी उलटत नव्हतो, हे फार उशिरा उमगले. मधल्या काळात वैतागून आईला विचारले, “थापताना तुझा आधी कोणता हात फिरतो?” ती थांबली, स्वतःच्या हातांकडे पाहत पुन्हा थापू लागली, आणि तिची भाकरी परातीतच फाटली. “नीट चाललं होतं, कशाला विचारलंस?” हा ठपका अजून माझ्यावर आहे. माझा आवडता सिद्धान्त याच फाटक्या भाकरीतून निघाला: ज्याचा हात बसलेला आहे, त्याने करून दाखवावे आणि शक्यतो गप्प राहावे, कारण त्याचे हात काय करतात हे बहुधा त्यालाच ठाऊक नसते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा पायऱ्या भराभर चढू. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये त्या मांडल्या: समजून करणे, चुका गाळत जुळवत नेणे, आणि आपोआप होणे. अडकण्याचा मधला पल्ला ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी 1890 च्या दशकातच अमेरिकी तारबाबूंच्या शिकण्यात नोंदवला होता. ताठ हाताचा उलगडा सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांच्याकडे मिळतो: नवशिका आधी सांधे आखडून धरतो आणि पुढे ते एकेक मोकळे सोडतो. 1920 च्या दशकात मॉस्कोत त्यांनी कसलेल्या कामगारांच्या हातोडीच्या घावांचे चित्रण केले, तेव्हा घाव दर वेळी नेमका पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची हालचाल दर वेळी थोडी निराळी होती. आणि हातांना येते ते माणसाला ठाऊक नसते, याचा दाखला म्हणजे मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी अभ्यासलेला तो प्रसिद्ध रुग्ण, हेन्री मोलायसन. 1953 च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नव्या घटना आठवत नसत, तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्यात तो तीन दिवसांत सुधारला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याचा त्याला पत्ताही नव्हता.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. दोष भाकरीचा आहे.