एलेनॉरला न मिळालेली हाडं

श्रोतेहो, नमस्कार. आज हाडांची गोष्ट. जेवायला बसला असाल तर आवाज थोडा बारीक करा, पण रेडिओ बंद करू नका.

इंग्लंडात, स्टॅफर्डशायरमधल्या हल्टनला एक जुना मठ होता. 1970 च्या दशकात तिथल्या खोदकामात एका पुरुषाचा तुकडे केलेला सांगाडा निघाला. लढाईत मेला असेल, असं ठरलं. पुढे रेडिंग विद्यापीठाच्या मेरी लुईस यांनी ती हाडं पुन्हा तपासली. (नवं खणायला पैसा मिळतो, जुनी खोकी उघडायला मिळत नाही, हे माझं कायमचं गाऱ्हाणं.) खाटकाच्या सत्तुराखाली ताजं हाड कसं सफाईने तुटतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तसेच घाव इथे होते. आणि लढाईच्या गर्दीत असे मापात तुकडे कोण करत बसेल? ही शिक्षा होती. राजद्रोहाची शिक्षा.

मग हा माणूस कोण? आता ऐका.

दुसऱ्या एडवर्ड राजाच्या खास मर्जीतला ह्यू डिस्पेन्सर. कारभार याच्या मुठीत, दिसेल ती जमीन याची. शेवटी राजाचीच राणी इझाबेला आणि तिचा साथीदार, बंडखोर सरदार रॉजर मॉर्टिमर, त्यांच्याविरुद्ध फौज घेऊन उतरले. 24 नोव्हेंबर 1326 ला हेरफर्डमध्ये ह्यूला फासावर चढवलं, जिवंतपणी उतरवून पोट फाडलं, शिर कापलं, धडाचे चार भाग केले. डोकं लंडन ब्रिजवर. बाकीचं यॉर्क, कार्लाइल, ब्रिस्टल, डोव्हरला. लोकांनी बघावं म्हणून.

चार वर्षांत वारं फिरलं. नोव्हेंबर 1330 मध्ये मॉर्टिमरच फासावर गेला. पुढच्याच महिन्यात ह्यूची विधवा एलेनॉर नव्या राजाकडे, म्हणजे तिसऱ्या एडवर्डकडे गेली: नवऱ्याची हाडं द्या, ट्यूक्सबरीला पुरते. राजा हो म्हणाला. हाती काय आलं? डोकं, मांडीचं एक हाड, थोडे मणके. बस्स.

आणि हल्टनच्या सांगाड्यात काय नाही? डोकं नाही. मांडीचं एक हाड नाही. काही मणके नाहीत!

2008 मध्ये लुईस यांनी हा मेळ मांडला. हाडांवर नाव लिहिलेलं नसतं, तेव्हा शंभर टक्के कोणी म्हणत नाही. पण वय जुळतं, काळही जुळतो. आणि मठ कोणाचा? 1219 मध्ये ऑडली घराण्याने उभारलेला. त्याच घराण्यातला ह्यू ऑडली हा एलेनॉरच्या बहिणीचा नवरा, म्हणजे आपल्या ह्यूचा साडू. याच साडूची वेल्समधली जमीन ह्यूने हडपली होती. त्यावरून ऑडली बंडात उतरला आणि 1322 मध्ये कैदेत पडला.