नर्सिंगची पदवी जर्मनीला नेताना

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीत परिचारिकांची मोठी चणचण आहे, तेव्हा बी-टू पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी सफाईचं, जर्मन आलं की काम झालं, असं आपल्या मुलामुलींना वाटतं. भाषा हवीच, पण घोडं अडतं ते बहुधा कागदांपाशी.

नोकरी ज्या जर्मन राज्यात, तिथलंच कार्यालय तुमच्या पदवीला मान्यता देण्याआधी तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहतं. त्यांच्याकडे तीन वर्षांत २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातात. आपली बी.एस्सी. चार वर्षांची असली तरी वृद्धांच्या दीर्घकाळ शुश्रूषेत आपले तास बऱ्याचदा कमी भरतात.

गुणपत्रिकेवर गुण असतात, तास नसतात. म्हणून कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अभ्यासक्रमाचा तपशीलवार उतारा, घेताना विषयवार थिअरीचे तास आणि वॉर्डवार क्लिनिकलचे तास वेगवेगळे लिहून मागा. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती, सगळं सुटं सुटं. 'क्लिनिकल' म्हणून एकच बेरीज दिली, तर त्यातले मनोरुग्ण विभागातले किती, हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

अनुभवाच्या दाखल्याचंही तेच. 'वर्तणूक चांगली' याचा तिथे उपयोग नाही. कायद्याने अनुभवातून अभ्यासक्रमातली उणीव भरून काढता येते. त्यासाठी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठल्या वॉर्डात, आठवड्याला किती तास, कोणती कामं, हे सारं दाखल्यावर हवं. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, मेडिसिन वॉर्डात वयस्क रुग्णांची सेवा केली असेल, तर तेच शब्द लिहून घ्या. नोकरी सोडण्याआधी घ्या. मागाहून रजिस्टर शोधायला कोणाला वेळ नसतो.

गोव्याची एक खास अडचण म्हणजे नावं. जन्मदाखल्यावर वडील पोर्तुगीज वळणाने 'नाईक', म्हणजे शेवटी क्यू-यू-ई, आणि पासपोर्टवर साधा के. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पदवीवर मात्र माहेरचं. भाषांतराला देण्यापूर्वी हे सगळं एकसारखं करा, नाहीतर शपथबद्ध भाषांतरकार चूक जशीच्या तशी जर्मनमध्ये उतरवतो, आणि त्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

उणिवा दाखवणारं पत्र आलं तर घाबरू नका, तो नकार नव्हे. पुढे दोन वाटा असतात. एक परीक्षा: तोंडी ४५ ते ६० मिनिटं, शिवाय प्रत्यक्ष रुग्णाजवळचं काम, नापास झालात तर तो भाग पुन्हा एकदाच देता येतो. दुसरी वाट पूरक प्रशिक्षणाची. ती लांबते, पण ज्यांना परीक्षेची धास्ती वाटते त्यांना आमच्या मते तीच बरी.

मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, आणि पगारही मदतनीसाचा. करारात मान्यतेआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पगार आकड्यांत लिहिलेत का, प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, आणि मधेच नोकरी सोडली तर किती परत करावं लागेल, हे सहीआधी वाचा. करार जर्मनमध्ये असेल, तर आपल्याला कळणाऱ्या भाषेतली प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका.