टारफुल्याला फसवणारा वेल

मक्याच्या शेतात गुलाबी-जांभळ्या फुलांचं नाजूक रोप दिसलं तर फुलांवर भुलू नका. तो टारफुला आहे, म्हणजेच स्ट्रायगा. मक्याच्या मुळाला चिकटून तो आयतं अन्नपाणी ओढतो. तुम्ही उपटायला जाईपर्यंत जमिनीखाली नुकसान होऊन गेलेलं असतं. एका रोपाच्या हजारो बिया होतात, आणि त्या मातीत १० वर्षंसुद्धा तग धरतात.

जोडीला खोडकिडा. लहान शेतकऱ्यानं दर हंगामात दोघांसाठी औषधं आणायची कुठून?

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिता इथे इसिपे या कीटकसंशोधन संस्थेचं केंद्र आहे. १९९०च्या दशकात डॉ. झेयाउर खान आणि त्यांचे सहकारी खोडकिड्यावर काम करत होते. त्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचा शेंगवर्गीय वेल लावला आणि शेताच्या कडेनं नेपियर गवत. डेस्मोडियमचा वास खोडकिड्याच्या पतंगाला नकोसा, नेपियरचा हवाहवासा. मादी मका सोडून गवतावर अंडी घालते. अळी गवतात शिरू लागली की आतून चिकट द्रव पाझरतो, आणि बहुतेक अळ्या तिथेच मरतात. एकीकडून ढकलायचं, दुसरीकडून ओढायचं, म्हणून नाव 'पुश-पुल'.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डेस्मोडियमच्या वाफ्यांत टारफुलाही कमी दिसू लागला! हे कुणी ठरवून केलं नव्हतं. सावलीमुळे असेल? नत्रामुळे? दोन्हींचा थोडा हात होता, पण खरी करामत मुळांची निघाली. डेस्मोडियमची मुळं जी रसायनं सोडतात, त्यातल्या काहींनी टारफुल्याचं बी उगवतं, आणि काहींमुळे त्याला मक्याच्या मुळाशी जोडणी करता येत नाही. उगवलेलं बी उपाशी मरतं. म्हणजे मातीतला वर्षानुवर्षांचा साठाच हळूहळू रिकामा होतो. तणनाशक न फवारता!

शिवाय वेल हवेतला नत्र जमिनीत आणतो, आणि वेल-गवत दोन्ही जनावरांना चारा होतात. जनावरं नसतील तर मात्र हा फायदा बराचसा हातचा जातो.

पहिल्या हंगामात कष्ट आहेत, हे आधीच सांगते. डेस्मोडियम सुरुवातीला फार सावकाश वाढतो, तेव्हा नीट खुरपणी हवीच. कोरड्या भागात पहिला, चंदेरी पानांचा डेस्मोडियम टिकेना, म्हणून संशोधकांनी हिरव्या पानांचा डेस्मोडियम आणि नेपियरऐवजी ब्रॅकियारिया गवत निवडलं. बी महाग पडतं किंवा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण वेलाचे तुकडे लावूनही तो रुजतो. शेजारच्या शेतात असेल तर तिथूनच चार फाटे मागून आणा.