सिझरची भूल आणि सातव्या महिन्यातली भेट

नमस्कार श्रोतेहो.

सिझर झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, ऑपरेशन कुणी केलं? ती डॉक्टरीणबाईंचं नाव लगेच सांगेल. आणि भूल कुणी दिली? 'होतं कुणीतरी, मास्क लावलेलं.' त्या मास्कवाल्यांपैकी मी एक. जिल्ह्याच्या गावात भूल देते. आमचं काम फोनवर चालतं. 'मॅडम, सिझर आहे, या,' असा निरोप आला की गाडी काढायची आणि अर्ध्या तासात, जिला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही तिच्या पाठीत सुई घालायची. बहुतेक वेळा निभावतं. पण बाईचं वजन जास्त असेल तर तो अर्धा तास मला पुरत नाही. आज त्याबद्दल बोलणार आहे.

जास्त म्हणजे किती, हे आधी सांगते. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि किलोतल्या वजनाला त्यानं भागा. उंची 155 सेंटीमीटर आणि वजन 72 किलो असेल, तर उत्तर 30 येतं. हाच बीएमआय. जगात 30 पासून लठ्ठपणा धरतात. आपल्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी ही रेघ 25 वर आणली, कारण मधुमेह आणि रक्तदाब आपल्याला कमी वजनातच गाठतात. गरोदर बाईचा हिशेब सुरुवातीच्या वजनावरून करायचा, नवव्या महिन्याच्या नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रियांचा आकडा 25 किंवा त्याच्या वर निघाला, आणि त्याच पाहणीत 21.5 टक्के बाळंतपणं सिझरची होती. वजन जास्त असलं की सिझरची वेळही जास्त येते, त्यामुळे या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच बाईच्या वाट्याला येतात.

सिझरला आम्ही शक्यतो कमरेतलं इंजेक्शन देतो. कमरेखालचा भाग बधिर होतो, आई जागी राहते, बाळाचं पहिलं रडणं तिला ऐकू येतं. 1898 साली जर्मनीत कील शहरात ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जननं ही पद्धत रुजवली. त्यानं ती स्वतःवरही करून पाहिली आणि पुढे कित्येक दिवस डोकेदुखीनं अंथरुणात काढले. आताच्या सुया खूप बारीक असतात, ती डोकेदुखी आता क्वचित होते. आणि हो, या इंजेक्शनानं जन्मभर पाठ दुखते म्हणतात त्यात तथ्य नाही. मूल कडेवर घेऊन, वाकून नळाचं पाणी भरून पाठ दुखते, नाव मात्र आमच्या सुईचं होतं.

तर ही सुई घालायची जागा आम्ही हातानं चाचपून शोधतो. कमरेची दोन हाडं जिथे लागतात तिथून आडवी रेघ धरायची आणि मणक्यांमधली फट बोटानं ओळखायची. पाठीवर चरबीचा जाड थर असला की ना हाड लागत, ना फट. नेहमीची सुई सुमारे 9 सेंटीमीटरची; ती कधी कधी पोचतच नाही. 12 किंवा 15 सेंटीमीटरच्या सुया मिळतात, पण रात्री दोन वाजता तालुक्याच्या मेडिकलमध्ये त्या कुठून येणार? सोनोग्राफीच्या मशीननं फट शोधता येते, त्यालाही मशीन मोकळं हवं आणि वेळ हवा. एकदा माझा तिसरा प्रयत्न चालू असताना पुढे वाकून बसलेली बाई हळूच म्हणाली, 'माझ्यामुळे त्रास होतोय ना मॅडम?' कळा सोसत होती ती, आणि माफीही तीच मागत होती. मागे कुणीतरी हसलं. मला ते हसणं अजून विसरता आलेलं नाही.

इंजेक्शन लागलं तरी काम संपत नाही. उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवतो. दंडाला पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. शिवाय चरबीमुळे ऑपरेशन लांबतं आणि एका इंजेक्शनचा असर साधारण दीड-दोन तासच टिकतो.

आम्ही खरे भितो ते पूर्ण भुलीला. कारण श्वास. नवव्या महिन्यात बाईच्या फुप्फुसातला हवेचा साठा पाचव्या हिश्श्यानं कमी झालेला असतो, आणि शरीराची ऑक्सिजनची मागणी तितकीच वाढलेली असते. निरोगी, सडपातळ माणसाला आधी मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला, तर भुलीच्या औषधानं श्वास थांबल्यावर श्वासनलिकेत नळी घालायला आम्हाला सुमारे आठ मिनिटं मिळतात. लठ्ठ माणसात तीनही मिळत नाहीत, लठ्ठ गरोदर बाईत त्याहून कमी. मान आखूड, गळा सुजलेला, छाती जड, अशात नळीची वाट दिसत नाही. म्हणून आम्ही पाठीखाली चादरींच्या घड्या रचत जातो, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका पातळीत येईपर्यंत. दिसायला साधी गोष्ट, पण तिनं खूप काम होतं.

आणि पोट. 1946 साली न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी 44,016 बाळंतपणांची नोंद तपासली. त्यात भुलीखाली पोटातलं फुप्फुसात गेल्याचे 66 प्रसंग सापडले. आम्ही उपाशी ठेवतो ते या भीतीनं. जेवणानंतर निदान सहा तास जावे लागतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. मी हे विचारते तेव्हा सगळे माना डोलावतात, 'काही नाही दिलं.' मग टेबलावर घेतल्यावर बाईच सांगते, 'सासूबाईंनी थोडा शिरा भरवला, अंगात ताकद हवी म्हणून.' सासूबाईंचा जीव तिळतिळ तुटत असतो, मी रागावत नाही. पण मला खरं सांगा. खरं कळलं तर माझी तयारी बदलते.

म्हणून माझं मागणं एकच आहे. तुमचा बीएमआय 30 च्या वर असेल, तर नाव नोंदवलंय तिथल्या डॉक्टरांना सांगून सातव्या महिन्यात भूलतज्ज्ञाला भेटा. ब्रिटनमध्ये 40 च्या वरच्या बाईला बाळंतपणाआधी भूलतज्ज्ञाकडे पाठवावं, असं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. आपल्याकडे तशी शिस्त नाही, म्हणून तुम्हीच मागून घ्या. पंधरा मिनिटांचं काम असतं. मी पाठ चाचपून बघते, तोंड उघडायला लावते, मान वळवायला सांगते, दंडाला कुठला पट्टा लागेल ते पाहते. लांब सुई मागवून ठेवते. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटची कधी घेतली ते महत्त्वाचं, त्यावरून कमरेतलं इंजेक्शन कधी देता येईल ते ठरतं. कळा सुरू होताच, दुखणं कमी करायचं औषध देण्यासाठी, पाठीत बारीक नळी बसवायची सोय असेल, तर तीही आधी ठरते; पुढे अचानक सिझर करावं लागलं तर तिच्यातूनच औषध वाढवता येतं, घाईत पूर्ण भूल देणं बहुधा टळतं. या भेटीत वजनावरून बोलणी बसणार नाहीत. सातव्या महिन्यात उपास करून बारीक व्हायचंही नाही.

मी नवऱ्याला एक प्रश्न हमखास विचारते: या घोरतात का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का? तो आधी लाजतो, मग हसतो, आणि मग आठवून आठवून सांगायला लागतो.

या प्रश्नाचं उत्तर सिझरनंतरच्या रात्री उपयोगी पडतं. दुखणं थांबवायच्या काही औषधांनी श्वास मंदावतो. म्हणून अशा बाईला आम्ही सपाट न निजवता पाठ उंच करून ठेवतो, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतो. खोलीत सोबतीला आई असते, नाहीतर सासू. लेक घोरायला लागली की त्यांना बरं वाटतं, दमली बिचारी, गाढ झोपली, असं म्हणत त्या दिवा मालवतात. तर आजी, मावशी, दिवा चालू ठेवा. घोरणं मध्येच थांबलं आणि छाती हलेनाशी झाली, तर आधी तिला हलवून जागं करा, आणि लगेच सिस्टरना हाक मारा.

नमस्कार.