झिल्जियन: एका आडनावाची झांज

(झांजेवर काठीचा एकच फटका. आवाज विरेपर्यंत कोणी बोलत नाही.)

ऐकलंत? हे कासं. चार भाग तांबं, एक भाग कथील. इतकं कथील घातलं की धातू ठिसूळ होतो, हे कुठलाही कासार सांगेल. तरी ही पातळ चकती फटके खाते, थरथरते, तडकत नाही. का, ते एका आर्मेनियन घराण्यानं चारशे वर्षं घराबाहेर जाऊ दिलं नाही.

इस्तंबूल, १६१८. घराण्यात सांगतात की अवेदिस नावाचा कारागीर सोनं करायला बसला होता. सोनं काही झालं नाही. झाला हा नाद. सुलतानाच्या फौजेपुढे वाजणाऱ्या 'मेहतेर' या लष्करी वाद्यवृंदाला तो हवाच होता. अवेदिसला आडनाव मिळालं, १६२३ मध्ये स्वतःचा कारखाना मिळाला.

आता ते आडनाव सोडवून बघू. 'झिल' म्हणजे तुर्कीत झांज. 'जी' म्हणजे ती करणारा. आपल्या मशालची, तोपची यांतला 'ची' तो हाच, तुर्कांकडून आलेला. आणि शेवटचं 'यन' आर्मेनियन: अमक्याच्या कुळातला. शब्द तुर्की, शेपूट आर्मेनियन.

(जवळून: झांजेवर उमटलेला शिक्का.)

पुढे केरोपे झिल्जियननं शिक्क्यात आपला 'के' घातला. त्याच घरातला तिसरा अवेदिस १९०९ मध्ये अमेरिकेला गेला आणि बॉस्टनला चक्क गोळ्या-चॉकलेटं करू लागला! १९२७ मध्ये अराम काकांचं पत्र आलं: घरचा धंदा आता तू सांभाळ. १९२९ मध्ये बॉस्टनजवळच्या क्विन्सीत भट्टी पेटली. जॅझचे ड्रमर दारात येऊ लागले, त्यांना हव्या तशा झांजा घडू लागल्या. पण बाजारात आता झिल्जियन दोन: अमेरिकेतला, अवेदिसचा 'ए', आणि तुर्कस्तानातला 'के'. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या घरानं 'के' हे नावही विकत घेतलं.

१९७९ मध्ये अवेदिस गेले. आर्मंड आणि रॉबर्ट या त्यांच्या मुलांत बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं. वाटणीत रॉबर्टला कॅनडातला मेडक्टिक गावचा कारखाना मिळाला. आडनाव मात्र झांजेवर घालायचं नाही.

(कॅनडा. साच्यातून निघालेली, अजून बिनशिक्क्याची चकती.)

मग त्यानं आपली तीन मुलं घेतली. सॅलीचा 'सॅ', बिलीचा 'बि', अँडीचा 'अन'. झांजेवरचं नवं नाव: सॅबियन.

म्हणून बघा एकदा. ते 'यन' आलंच.